चंद्री कुणी सोडली

पद्माक्कानं माणसाला काम सांगणं सोडलं, त्याला आता चार वर्षं होत आली होती. चहाचा कप पुढं ठेवायची, पण "घे" म्हणायची नाही. भाकरी गार होत चालली तरी कुणाला हाक नाही; ताट वाढून गप उभी राहायची. दळणाचा डबा स्वतः उचलायची, गॅसची टाकी स्वतः ढकलायची. वडगोळीच्या बायका म्हणायच्या, अक्का किती शांत झाली बाई. शांत कसली डोंबलाची! आपल्या तोंडच्या एका वाक्यानं नवरा गेला अशी तिची पक्की खात्री होती, आणि त्या दिवसापासून तिनं तोंडालाच कुलूप घातलं होतं.

वाक्य तरी केवढं? सोनारी नदीला महापूर आला होता. नदीकाठच्या मळीच्या गल्लीतली सगळी माणसं बोचकी घेऊन माळावरच्या शाळेत येऊन बसली होती. जिनगोंडा मगदूम व्हरांड्यात टॉवेलनं डोकं पुसत होता. पद्माक्कानं सहज विचारलं, "चंद्रीचं दावं सोडलं का हो?" चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. तो म्हणाला, मला वाटलं तू सोडलंस. टॉवेल तिच्या हातात दिला, उठला आणि परत खाली गेला. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखाली ओढ्याची मोरी आहे. मागल्या ओढ्याचं पाणी तिथनंच फिरलं आणि जिनगोंडा पाणी उतरल्यावरच सापडला. चंद्री मात्र माळावर उभी राहून निवांत रवंथ करत होती. म्हणजे त्यानं म्हैस सोडली आणि परतताना पाण्यानं त्याला गाठलं, असं गावानं धरलं. पंचायतीनं चौकात पाटी लावली, मुक्या जिवासाठी प्राण देणारे जिनगोंडा मगदूम. दरवर्षी त्या दिवशी पाटीला हार घालतात.

चंद्रीकडं बघणं पद्माक्काला जमेना. शेजारच्या भरमाण्णा चौगुल्यांनी आपण होऊन म्हैस आपल्या गोठ्यात बांधली. तेव्हापासून रोज सकाळी दुधाची किटली पद्माक्काच्या कट्ट्यावर यायची. भरमाण्णा अधू गुडघ्यानं थांबत थांबत यायचे, किटली ठेवायचे, दोन घटका उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

माणूस दुःखात पडला की त्याला शिकवायला जग धावत येतं. पद्माक्काकडं दोन शिकवण्या चालून आल्या. पहिली प्रभंजन सरांची. तालुक्याच्या मंगल कार्यालयात त्यांचं 'शंभर टक्के' नावाचं शिबिर चालायचं. सर सांगायचे, तुमच्या आयुष्यात जे घडलं ते सगळं तुम्हीच घडवलंत, नशीब आणि शेजारी यांच्याकडं बोट दाखवणं बंद करा. रोज आरशासमोर उभं राहून म्हणा, जे झालं ते मी घडवलं, जे होईल ते मी घडवीन. उगीच नावं कशाला ठेवा, त्या शिबिरानं गावातल्या दोघांची दारू सुटली होती आणि एकीनं शिलाईचं दुकान टाकलं होतं. दुसरी शिकवण तिच्या नणंदेची, कमलवन्संची. त्या रोज सकाळी मोबाइलवर कुणा अक्षरादीदींचं बोलणं पाठवायच्या. दीदी मंद हसून म्हणायच्या, झालं ते होणारच होतं, बाळा, तुझा हात त्यात नव्हता, सोडून दे.

पद्माक्कानं दोन्ही मनापासून करून पाहिलं. दीदींचं ऐकलं की छातीवरचं ओझं उतरायचं खरं, पण त्याबरोबर जिनगोंडाही कुठंतरी दूर वाहून गेल्यासारखा व्हायचा. जे होणारच होतं त्यात ती कोण आणि तो कोण? सरांचं ऐकलं की जीव जळायचा, पण निदान तो तिचा राहायचा. म्हणून तिनं सरांचा आरसा धरला.

तिची भाची ऋजुता सुट्टीला आली आणि सकाळी न्हाणीघरातून तिला ते आरशापुढचं पुटपुटणं ऐकू आलं. पोरगी संतापली. नदीविज्ञान केंद्रात ती शास्त्रज्ञ होती. मावशीपुढं बसून ती म्हणाली, मी रोज ज्या यंत्रावर काम करते ते नेमकं हेच सांगतं, कशामुळं काय झालं. ज्यांचं माणूस पुरात गेलं त्यांना ते बघायचा हक्क आहे. कुणी येत नाही, भितात. तू येशील का?

पद्माक्कानं निवडायला घेतलेलं गव्हाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझं वाक्य काढून बघता येतं?"

"येतं," ऋजुता म्हणाली.

या यंत्राला सगळे जुळी नदी म्हणायचे. सोनारीच्या उगमापासून संगमापर्यंत प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक बंधाऱ्यावर, विहिरींत आणि ओढ्यांत पाणी मोजणारी उपकरणं बसली होती. घाटावरचा पाऊस रडार टिपायचं, रानातली ओल उपग्रह मोजायचा. ते सगळं महासंगणकात ओतून शास्त्रज्ञांनी नदीची जुळी बहीण घडवली होती. खरी सोनारी बाहेर वाहायची आणि जुळी आत, पळापळाला तिच्यासारखीच. फरक एवढाच की खऱ्या नदीला मागं फिरवता येत नाही, जुळीला येतं. एखादा पूर पुन्हा आणायचा, त्यातली एकच गोष्ट बदलायची, म्हणजे एखादं दार थोडं आधी उघडायचं किंवा एखादा बांध काढून टाकायचा, आणि बघायचं पुढं काय होतं ते. हा खेळ एकदा नाही, हजारो वेळा. कारण उगमाशी कणभर फरक पडला तर वडगोळीला हातभर पडतो. एका खेळात जे दिसलं ते योगायोगानं असेल, हजारांत दिसलं तर त्याला काही अर्थ.

बसमधून जाताना ऋजुतानं तिला हे समजावलं. म्हणाली, "पाण्याचं गणित सोपं असतं, मावशी, ते नियम मोडत नाही. माणसाचं अवघड." माणसांची हालचाल त्यांच्या मोबाइलवरून कळायची, गुरांची त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांवरून, महापुराच्या आदल्याच वर्षी सरकारनं गावोगावच्या जनावरांना ते टोचले होते. त्यावरून यंत्र माणसांच्या सवयी शिकायचं. पण माणूस नेमकं काय करील हे त्याला सांगता यायचं नाही, शंभरातून किती वेळा तसं करील एवढंच.

केंद्रातलं दालन गोल आणि अंधारं होतं. मध्ये भलंमोठं टेबल, आणि ऋजुतानं हात फिरवताच त्या टेबलावर अख्खं खोरं उजळलं. पद्माक्काचा हात आपोआप छातीशी गेला. तिनं आयुष्यभर जी नदी गल्लीच्या तोंडाशी पाहिली होती ती आता घाटाच्या कुशीतून निघून संगमापर्यंत तिच्यापुढं आडवी पसरली होती, चालती, जिवंत. वडगोळी नखाएवढी होती. शाळा ओळखू आली, देऊळ ओळखू आलं. तिच्या घरावर तिनं बोट धरलं, पण टेकवलं नाही.

मग महापुराचा दिवस सुरू झाला.

समुद्रावरून आलेला ढग घाटापाशी थबकला. तो पलीकडं सरकला असता तर पाऊस दुसऱ्याच खोऱ्यात पडला असता, पण वाऱ्यानं मान वळवली आणि तो इकडं कलला. डोंगरावरची माती आधीच ओलीचिंब होती, तिनं थेंबही पोटात घेतला नाही. शेकडो ओढे एकदम उठले. वाळू उपसून खोल झालेला डोह, वळणावर साचलेला गाळ, वरच्या गावात कुणी बांधलेली भिंत, या सगळ्यांनी पाण्याला थोडं थोडं ढकललं. कुठल्याशा जुन्या बाभळीचा ओंडका वाहत आला आणि मळीच्या गल्लीच्या मोरीत अडकला. तो तिथं अडकला म्हणून ओढ्याचं पाणी तुंबलं, मागून फिरलं.

पद्माक्का बघतच राहिली. चार वर्षं ती स्वतःला सांगत होती, हे मी केलं. आणि हे एवढं होतं! समुद्र होता यात. आभाळ होतं. तिच्या जन्माआधी रुजलेली बाभळ होती. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर अंगावर येतो तसा काटा तिच्या अंगावर आला होता. या एवढ्या पसाऱ्यात आपण आरशापुढं उभं राहून काय म्हणत होतो, याची तिला थोडी लाजही वाटली.

"आता शाळा," ऋजुता हळूच म्हणाली आणि वडगोळी मोठी केली.

व्हरांड्यात ठिपके होते. दोन ठिपके शेजारी शेजारी. त्यांतला एक उठला आणि गल्लीकडं उतरू लागला. पद्माक्कानं पदर तोंडात धरला. तो ठिपका मोरीपाशी पोचला आणि थांबला. गोठ्यापर्यंत गेलाच नाही.

"मग चंद्री?" पद्माक्का म्हणाली.

ऋजुतानं माळाच्या चढावरचा एक हिरवा ठिपका दाखवला. चंद्रीच्या कानातला बिल्ला. जिनगोंडा व्हरांड्यातून उठला तेव्हा चंद्री केव्हाच माळाला लागलेली होती. तिला आधीच कुणीतरी सोडलं होतं. ऋजुतानं वेळ थोडी मागं नेली. मगदुमांच्या रिकाम्या घरामागच्या गोठ्यात एक ठिपका शिरला, क्षणभर थांबला, बाहेर पडला, पुढच्या गोठ्यात गेला. कुणाचा ते पद्माक्कानं विचारलं नाही. चालण्यावरूनच कळलं. गुडघ्यामुळं दर चार पावलांना थांबणारा गल्लीत एकच माणूस होता.

मळीच्या गल्लीची ती रीतच होती. पुराच्या वेळी जो सगळ्यांत शेवटी निघेल त्यानं वाटेतल्या प्रत्येक गोठ्यात डोकवायचं आणि बांधलेलं जनावर दिसलं की दावं सोडायचं, मग ते कुणाचं का असेना. आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मुक्या जिवाला सोडवलं हे बोलून दाखवलं की पुण्य गेलं, असं जुनी माणसं मानायची. भरमाण्णांनी रीत पाळली होती, अगदी तंतोतंत.

मग ऋजुतानं पद्माक्काचं वाक्य काढून पूर पुन्हा आणला, हजार वेळा. कितीतरी खेळांत जिनगोंडा व्हरांड्यातच बसून राहिला. कितीतरी खेळांत त्याला आपलं आपणच आठवलं आणि तो गेला. यंत्राला पक्कं सांगता येईना. ऋजुता म्हणाली, तुझं वाक्य होतंच त्यात, मावशी, नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण कशानं सगळ्यांत जास्त फरक पडला असता हे यंत्राला विचारलं तर ते वेगळंच दाखवतं. तिनं एकच गोष्ट बदलली. भरमाण्णा शाळेत आल्यावर एवढंच म्हणाले, जिनूदादा, तुझी सोडलीय. बस. आणि खेळामागून खेळ तो ठिपका व्हरांड्यात पद्माक्काशेजारी बसून राहिला. पाणी चढलं, उतरलं, तो बसूनच होता.

पद्माक्का त्या ठिपक्याकडं बघत राहिली, दालनाचे दिवे लागेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. चार वर्षांचा दगड उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायची सोय झाली होती. रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी कट्ट्यावर किटलीचा आवाज आला आणि ती तावातावानं दार उघडून बाहेर आली. भरमाण्णा उभे होते, टोपी हातात, गुडघा धरून. तिच्या ओठांवर आलेलं तिथंच राहिलं. या माणसाला आज सांगितलं तर उद्यापासून तो कुठल्या आरशापुढं उभा राहील, हे तिला लख्ख दिसलं. तिनं किटली उचलली आणि आत गेली.

पुढं कितीतरी दिवस असंच. सांगावं तर म्हातारा मोडेल, न सांगावं तर आपण मोडू. शेवटी ती उठून सरांच्या शिबिरात गेली. शंका विचारण्याच्या वेळी उभी राहिली. म्हणाली, "सर, एका माणसाच्या मरणाला मी शंभर टक्के जबाबदार. शेजारी पण तुमच्याच शिबिरात आला तर तो पण शंभर टक्के. मग एकाच मरणाचे दोनशे टक्के झाले की हो."

सभागृहात खसखस पिकली. सरही हसले. भला माणूस, टाळून गेला नाही. म्हणाले, ताई, मी हिशोब शिकवत नाही. माणूस हातपाय गाळून बसतो, त्याला उठवायला मी हे सांगतो. पद्माक्का म्हणाली, "उठायला चांगलं आहे सर, पण मेलेल्या माणसापाशी बसायला नाही." आणि खाली बसली. घरी येऊन तिनं कमलवन्संनाही फोन लावला. सांगितलं, तुमच्या दीदी म्हणतात तसा माझा हात नव्हता असं नाही, वन्सं. होता. मी बघून आले. पण तिथं हात किती होते, ते काय सांगू तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी किटली ठेवून भरमाण्णा वळले, तेव्हा ती दारातून म्हणाली, "आण्णा, बसा जरा."

भरमाण्णा दचकलेच. चार वर्षांत अक्कानं कुणाला बसा म्हटलं नव्हतं. ते कट्ट्यावर टेकले. पद्माक्का उंबऱ्यात बसली. अंगणातल्या तुळशीकडं बघत म्हणाली, "यापुढं पूर आला आणि कुणाची गुरं सोडलीत, की हाक मारून सांगायचं. गल्लीभर ऐकू जाईल अशी. पुण्य गेलं तर जाऊ दे."

भरमाण्णा म्हणाले, "तुला कवा कळलं?"

"कळलं."

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं, अक्का." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी शाळंत पलीकडच्या खोलीत ताडपत्री बांधत व्हतो. तो खाली गेल्याचं मागनं कानावर आलं. बोललो असतो, पण गावानं पाटी लावली. म्हशीसाठी गेला म्हणून हार घातला. म्हैस मीच सोडली व्हती म्हणालो असतो, तर त्याचं जाणं फुकट ठरलं असतं. तुझ्यापुढं रोज येऊन उभा ऱ्हायचो. तोंड उघडत नव्हतं."

"पाटी खरीच आहे," पद्माक्का म्हणाली. "म्हशीसाठी गेला हे खोटं कुठं आहे? मोरीपर्यंत गेलाच होता की."

भरमाण्णा लहान पोरासारखे रडले. चूक माझीच, माझीच, म्हणू लागले. पद्माक्कानं त्यांना तिथंच थांबवलं.

"सगळी घेऊ नका, आण्णा. मी पण घेऊन बसले होते. तिथं ढग होता, ओंडका होता, अख्खा डोंगर होता. किती मोठं होतं ते, तुम्ही बघितलं असतं तर हात जोडले असते. त्यात आपल्या वाट्याला एकेक हाक होती, एक तुमची, एक माझी. तेवढी मात्र आपली."

मग ती आत गेली, चहा आणला आणि म्हणाली, "घ्या."

त्याच पावसाळ्यात, श्रावण संपता संपता, सोनारी पुन्हा चढली. जुळी नदीनं आधीच सांगून ठेवलं होतं. भर दुपारी गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले, बोचकी निघाली, ट्रॅक्टर लागले. भरमाण्णांची बायको आजारी, त्या दोघांना पद्माक्कानं पहिल्याच ट्रॅक्टरमध्ये बसवलं. भरमाण्णा मागं वळून काही म्हणत होते, तिनं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, तुम्ही चला, आज शेवटी मी निघणार.

गल्ली रिकामी होत गेली. आणि त्या रिकाम्या होत चाललेल्या गल्लीत मळीच्या बाजूनं पहिली हाक उठली. कुणीतरी वाकून दावं सोडलं आणि घशाच्या शिरा ताणून ओरडलं, "उपाध्यांची सोडली!" ती हाक पुढच्यानं उचलली, त्याच्या पुढच्यानं उचलली. "पाटलांची सोडली!" "बिरनाळ्यांची दोन्ही सोडली!" ज्या गल्लीत पिढ्यानपिढ्या हे काम मुकाट्यानं झालं होतं तिथून हाका माळाकडं चढत गेल्या, पावसाच्या आवाजावर चढून, आणि वरून शाळेच्या व्हरांड्यातून ओ येत राहिली. पद्माक्का रस्त्याच्या मध्ये उभी राहून ऐकत होती. सांगून सांगून किती जणांना सांगितलं होतं तिनं? भरमाण्णांना एकट्यालाच. ते घराघरांत जाऊन बोलले असणार.

कंबरेचा मोबाइल वाजला. केंद्रातून ऋजुता बोलत होती.

"मावशी, सगळे ठिपके वर चाललेत. मागं फिरणारा एकही नाही. खाली एकच उरलाय, तो तू आहेस. नीघ."

"एक हिरवा पण असेल बघ," पद्माक्का म्हणाली. "त्याला घेऊन येते."

ती भरमाण्णांच्या गोठ्यात शिरली. चार वर्षांत पहिल्यांदा. चंद्री खुंट्याशी अस्वस्थ उभी होती. पद्माक्काकडं बघून तिनं नाकातून वारा सोडला आणि मान पुढं केली. म्हशीनं ओळखलं होतं. पद्माक्कानं तिच्या कपाळावर कपाळ टेकलं, एकदाच, आणि ओली गाठ दातांनी ओढून दावं सोडलं. शेपटीशी थाप मारून तिला माळाच्या वाटेला लावलं. मोरीपाशी पाणी घोट्याला लागत होतं, ओंडका नव्हता, आता दर उन्हाळ्यात लोक ती साफ करत.

मोरी ओलांडून ती उभी राहिली. माळावर, शाळेच्या व्हरांड्याच्या कडेला, टोपी हातात धरलेला एक म्हातारा खाली गल्लीकडं बघत पायरी उतरू लागला होता. दर चार पावलांना थांबत.

पद्माक्कानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन हाक मारली.

"आण्णा, चंद्री सोडली! मी सोडली! मागं फिरा!"

म्हातारा पायरीवर थांबला. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि मागं फिरला.